शाळा दोन भाषांची, सूचना एका भाषेत

आमच्या मुलांच्या द्विभाषिक सरकारी शाळेत ९०:१० पद्धत आहे. सुरुवातीला ९० टक्के शिकवणं एका भाषेत, मग दरवर्षी दुसऱ्या भाषेचा वाटा वाढत ५०:५० पर्यंत. एका वर्षी हे प्रमाण मध्येच बदललं आणि आम्हाला ते मुलांकडून कळलं. सूचना निघाली होती, पण एकाच भाषेत.

बैठकीत मी आवाज चढवला. मुख्याध्यापिका गप्प झाल्या, हाती काहीच लागलं नाही. मग दोन्ही भाषांचे आम्ही पाच पालक प्रश्न आधी लेखी देऊन त्यांना भेटलो. तेव्हा कळलं, एक शिक्षिका सोडून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी कुणी मिळत नव्हतं. एवढंच आधी सांगितलं असतं तर कोण भांडलं असतं?

तिथेच ठरलं, सूचना दोन्ही भाषांत एकाच वेळी निघणार आणि बैठकीला दुभाषी असणार. हे काम मुलांवर टाकायचं नाही, हा माझा हट्ट होता. स्वतःबद्दलची तक्रार मूल आईला जशीच्या तशी कशी सांगेल? बैठकीचा वृत्तांत आता आठवड्याभरात येतो. उत्तर नसेल तिथे बाई सरळ ‘अजून ठरलेलं नाही’ असं लिहितात. माझा विश्वास बसला तो या ओळीमुळे.