दर शनिवारी मेथी हवी, तर दर आठवड्याला वाफा पेरा

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांच्या पन्नास-साठ किलोमीटरच्या टापूत ज्यांच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी असते, त्यांनी यंदाच्या रब्बीत थेट विक्रीसाठी भाजी धरायला हरकत नाही. जुलै 2016 मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला. पणन मंडळाचे शेतकरी आठवडे बाजार भरतात, सोसायट्याही गेटपाशी जागा देतात. गिऱ्हाईक आहे. गाडी अडते ती दर आठवड्याला माल पुरवण्यात. दहा गुंठे मेथी एकदम टाकली की ती एकदमच काढणीला येते. एका शनिवारी ढीग आणि पुढचे तीन शनिवार रिकामे. चौथ्या शनिवारपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे वळलेले असते.

आधी घरे मोजा, मग बी घ्या. मेथीचे उत्पादन हेक्टरी 8 टन धरले तर गुंठ्याला साधारण 80 किलो निघते. पाव किलोची जुडी बांधली तर 320 जुड्या. कमी उगवण, मर, पिवळी पाने यांत तिसरा हिस्सा गेला तरी दोनशेच्या वर उरतात. गुंठ्यात बांध-पाट सोडून 3 बाय 2 मीटरचे 13-14 वाफे बसतात. म्हणजे साठ घरांना दर आठवड्याला चार-पाच वाफे पुरे. दहा गुंठे कशाला?

पेरणीचा हिशेब असा. मेथी 28-30 दिवसांत निघते, रान मोकळे करून पुन्हा तयार करायला पाच दिवस धरा. एका आठवड्याच्या वाफ्यांना एक टप्पा म्हटले तर मेथीचे पाच टप्पे लागतात, थंडीसाठी एक जादा. कोथिंबिरीला 40-45 दिवस, म्हणून सात टप्पे. पालक स्वस्तात पडतो: पहिली कापणी 30-35 दिवसांनी, मग दर 15-20 दिवसांनी, अशा तीन-चार कापण्या. त्यामुळे तीन टप्पे आळीपाळीने कापत राहायचे आणि थकलेला टप्पा मोडून नवा पेरायचा. प्रत्येक कापणीनंतर गुंठ्याला साधारण 400 ग्रॅम युरिया देऊन लगेच पाणी द्या. जास्त दिला तर पान लुसलुशीत होते, पण मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) आधी तिथेच येतो आणि जुडी दुपारपर्यंत मान टाकते.

थंडीत सात दिवसांचे गणित बिघडते आणि बहुतेकांचे वेळापत्रक इथेच चुकते. नोव्हेंबरात सात-सात दिवसांनी पेरलेले टप्पे थंडी वाढत गेल्याने नऊ-दहा दिवसांच्या अंतराने तयार होतात आणि मध्ये एक शनिवार कोरडा जातो. जानेवारीच्या मध्यानंतर उलटे होते. ऊब वाढत जाते, मागचा टप्पा पुढच्याला गाठतो आणि दोन्ही एकदम अंगावर येतात. म्हणून नोव्हेंबरात पाच-सहा दिवसांनी पेरा, 10 जानेवारीनंतर आठ-नऊ दिवसांनी. फेब्रुवारी अखेरीस कोथिंबीर फुलावर धावते, तेव्हा टप्पा लहान करा आणि काढणी दोन दिवस आधी घ्या.

गुंठ्याला मेथीचे बी 300 ग्रॅम, धने 700 ग्रॅम. धने अख्खे पेरू नका. फरशीवर पसरून चपलेने किंवा विटेने हलके रगडा, गोल दाणा दोन पाकळ्यांत फुटला पाहिजे. पीठ पडू लागले की जोर जास्त झाला, तो दाणा उगवणार नाही. मग 12 तास भिजवून ओल्या गोणपाटात रात्रभर दडपून ठेवा. पेरताना किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळा. एवढे करूनही उगवायला आठ-दहा दिवस लागतात, थंडीत अजून दोन. तोवर रान सुकू देऊ नका. वरची पपडी घट्ट झाली तर कोंब आतच वाकडे होतात.

ढगाळ हवेत मावा दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारा (100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळीची भुकटी). रासायनिक औषध मारावेच लागले तर लेबलवरचे काढणीपूर्व दिवस, म्हणजे फवारणी ते काढणी यांत सोडायचे दिवस, मोजा. मेथीचे आयुष्यच महिन्याचे, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात मारलेले औषध गिऱ्हाइकाच्या कढईत जाते. आणि असा माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकू नका.

काढणी आदल्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. मुळे धुवा, पाला भिजवू नका. ओल्या जुड्या क्रेटमध्ये दाबून भरल्या की मधोमध वाफ धरते. रात्री दहा वाजता क्रेटच्या पोटात हात घालून पाहा. कोमट लागले तर सकाळी मधल्या जुड्या पिवळ्या निघणार, तेव्हाच उपसून पसरा. जुड्या उभ्या, सैल भरा, वर ओले गोणपाट टाका. पिकलेले टोमॅटो किंवा केळी पालेभाजीच्या क्रेटशेजारी ठेवू नका, त्यांच्या इथिलीन वायूने पाला पिवळा पडतो. टोमॅटो मात्र इथे अर्धा लाल झाल्यावर तोडा. लांबच्या मार्केटसाठी कच्चा तोडावा लागतो, चवीत आपण पुढे जातो ते इथेच.

पालेभाजीच्या जोडीला गाजर आणि बीट असू द्या. एखाद्या शनिवारी खप कमी झाला तरी ती आठ-दहा दिवस जमिनीत थांबतात. मुळा थांबत नाही, पोकळ पडतो. सगळे एकट्याने पिकवायच्या फंदात न पडता चार-पाच जणांनी पिके वाटून घेतली तर गाडीभाडेही वाटले जाते. ऑर्डर गुरुवार संध्याकाळपर्यंत, तोडा शुक्रवारी, विक्री शनिवारी. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का हवा. मटार सोलून किंवा भाजी चिरून विकायची तर अन्न सुरक्षा नोंदणी आधी करा.

टेबलावर वही ठेवा आणि ‘मेथी 60 जुड्या विकल्या’ एवढ्यावर थांबू नका, किती वाजता संपली तेही लिहा. साडेनऊलाच संपली असेल तर मागणी साठाची नव्हती, जास्त होती. दुपारी बारापर्यंत दहा उरल्या असतील तर पुढच्या पेरणीत एक वाफा कमी टाका.