एअर पिस्तूलची साइट घरी बसवताना: मोजकी, स्वस्त अवजारं

साइट म्हणजे नेम धरायचा भाग, तो पिस्तुलावरच्या आडव्या खाचेत बसतो. एका पिस्तुलासाठी तो सरकवायचा महागडा साइट पुशर घेण्यात अर्थ नाही. सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत लेथवर १० मिमी पितळी सळईचा बोटभर तुकडा तोंड सपाट करून घ्या, झाला साइट ठोकायचा पंच. पोलादी पंचाने ओरखडा येणारच. शिवाय २०० ग्रॅमची हातोडी, व्हाइस आणि त्याच्या जबड्यांना लाकडी पट्ट्या. जुन्या चपलेचं रबरही चालतं, दिसतं मात्र गबाळं.

पिस्तूल रिकामं आहे ना, हे आधी बघा. साइटला स्क्रू असेल तर सैल करा. मूळ जागी मास्किंग टेपवर रेघ मारा. ठोके हलके आणि साइटच्या पायथ्याला. वर बसले की साइट तिरपी होऊन खाचेत अडकते. फारच घट्ट असेल तर कानस साइटच्या तळाला लावा, खाचेला नाही. साइट नवी मिळते, खाच नाही.

सरकवायची किती? दोन साइटमधलं अंतर ३०० मिमी, टार्गेट १० मीटरवर, छर्रे २० मिमी उजवीकडे पडतायत: ३०० × २० ÷ १०,००० = ०.६ मिमी. मागची साइट तेवढी डावीकडे. पुढची असेल तर उलट, उजवीकडे. व्हर्नियर कॅलिपरशिवाय हे अंदाजाने जमत नाही.