रस्त्यावर उभं राहून सीएसएमटीचा फोटो कसा काढावा

लोकलने रोज ये-जा करणाऱ्याला सीएसएमटी आतूनच ठाऊक असते. फलाट, इंडिकेटर, सबवेकडे धावणारी गर्दी. एखाद्या दिवशी मुद्दाम बाहेर थांबून समोरून फोटो काढावा, तर इमारत मागे कलंडल्यासारखी येते. दोष फोनचा नसतो. पायथ्याशी उभं राहून फोन वर वळवला, की उभ्या रेषा शेंड्याकडे एकमेकींवर झुकतात. एवढी एक गोष्ट सांभाळली, तरी निम्मं काम होतं.

तर सगळ्यात आधी लांब जा. सबवेने रस्ता ओलांडून महापालिका मुख्यालयाच्या बाजूच्या फुटपाथवर या. घुमट, घड्याळ आणि दोन्ही बाजूंचे मनोरे एकत्र इथून दिसतात. तुमच्या पाठीशी असलेली १८९३ची पालिकेची इमारतसुद्धा वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचीच, समोरचं स्टेशन त्यांनी त्याआधी, १८७८ ते १८८८ या काळात उभारलं. एकाच माणसाच्या दोन इमारतींमध्ये आपण उभे आहोत, हे मला तिथे दर वेळी आठवतं.

आता कॅमेऱ्यातल्या ग्रिडच्या रेषा चालू करा. फोन उभा धरा आणि जमिनीशी अगदी काटकोनात ठेवा, पुढेमागे जराही कलू देऊ नका. चौकटीच्या खालच्या भागात नुसता रस्ता येईल. येऊ द्या, घरी जाऊन तो कापता येतो. इमारत मात्र ताठ उभी राहते. घुमटावरचा पुतळा कापला जात असेल, तर ०.५ची, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी लेन्स घ्या, पण फोन तसाच सरळ ठेवून. या लेन्समध्ये कडेच्या वस्तू ताणल्या जातात, म्हणून घुमट शक्यतो मधोमध हवा.

वेळ निवडताना घाई नको. दर्शनी भाग पश्चिमेकडचा आहे, त्यामुळे सकाळी सूर्य इमारतीच्या मागे असतो आणि नक्षी काळवंडते. दुपारी चारनंतर दगड पिवळसर उजळतो, कोरीवकामात सावल्या भरतात. माझी आवडती वेळ त्याहून पुढची, सूर्य मावळल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं. दिवे लागलेले असतात आणि आभाळ अजून निळं असतं. पूर्ण अंधार पडला की आभाळ काळं ठिक्कर होतं आणि दिव्यांचा भाग पांढरा फटक. त्या वेळी स्क्रीनवर इमारतीच्या सर्वांत उजळ भागावर बोट ठेवा आणि उजेड थोडा कमी करा. हात हलतोच, म्हणून फोन रेलिंगला टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉड मांडलात तर पोलीस चौकशी करू शकतात. शिवाय संध्याकाळी घरी निघालेल्या माणसांच्या वाटेत तो येतो.

गाड्यांचा त्रास वाटला तर सिग्नलवर लक्ष ठेवा. गाड्या थांबल्या की काही क्षण रस्ता मोकळा मिळतो. मला तर बेस्टची लाल बस फोटोत हवीच असते. ती चौकटीत शिरताना बटण दाबून धरा आणि भराभर आलेल्या फोटोंतून एक निवडा. फोटोसाठी फुटपाथ सोडून रस्त्यावर मात्र उतरू नका.

पूर्ण इमारत मिळाली की पुन्हा रस्ता ओलांडून जवळ जा. इथे झुकणाऱ्या रेषांशी भांडण नको, कारण आता तपशील टिपायचे आहेत. ०.५ विसरा, दोन-तीन पट झूम घ्या. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ. एक ब्रिटनचा, दुसरा भारताचा. घुमटावरची स्त्री म्हणजे ‘प्रगती’, तिच्या उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात चाक. घड्याळाखालचा कोनाडा रिकामा दिसतो, तिथे पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. आणि पानाफुलांची, पशुपक्ष्यांची नक्षी जरूर बघा. ती घडवण्यात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ साली युनेस्कोने या स्थानकाला जागतिक वारसा ठरवलं, तरी या नक्षीकडे मान वर करून बघणारे थोडेच दिसतात.

पावसाळ्यात जमिनीलगतचा फोटो तर सोडूच नका. सर थांबल्यावर फुटपाथच्या कडेला साचलेलं पाणी शोधा. फोन उलटा करा, म्हणजे लेन्स खाली येईल, आणि ती पाण्याच्या अगदी जवळ न्या. हातभर डबकं असलं तरी अख्खा घुमट त्यात मावतो. वाऱ्याने पाणी हललं तर स्थिर होईपर्यंत थांबा. प्रत्येक फोटोआधी लेन्स सुती रुमालाने पुसा. एक थेंब राहिला तरी दिव्यांभोवती धुरकट वलयं येतात.