रंगाआधी पाणी

जूनमध्ये शाळा सुरू झाली की इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेला बसायचं म्हणून मुलं माझ्याकडे येतात. दप्तरात रंग भरपूर असतात: १२ ट्यूबांची पेटी, पोस्टर कलरच्या बाटल्या, कुणाला मुंबईच्या काकाने आणून दिलेला मोठा डबा. पाण्यासाठी मात्र बाटलीचं झाकण. पहिल्या दिवशी मी रंग उघडूच देत नाही. उद्या घरून श्रीखंडाचे दोन रिकामे डबे आणि आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा एक तुकडा घेऊन या, एवढंच सांगते. एका डब्यात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगात घालायचं, आणि फडक्यावर ब्रश टिपायचा. टिपणं फार महत्त्वाचं, त्याकडे पुढे वळतेच.

मी सावंतवाडीत शिकले. नववीत असताना आमच्या ड्रॉइंगच्या बाईंनी आम्हा ११ जणींना शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि जुलै ते सप्टेंबर रोज तासभर शिकवलं. पुढे मी एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, केलं, आता मीही शाळेत चित्रकलाच शिकवते. त्या तीन महिन्यांत जे हाताला लागलं, त्यावर आजही माझं काम चालतं. यंदा पहिल्यांदा बसणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे.

परीक्षेविषयी थोडक्यात. कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन रेखाकला परीक्षा घेतं. इंटरमिजिएटला स्थिरचित्र (समोर मांडलेल्या वस्तूंचं), स्मरणचित्र (आठवणीतून काढलेलं), संकल्पचित्र (डिझाइन) आणि भूमिती-अक्षरलेखन हे विषय असतात. स्थिरचित्राला तीन तास मिळतात, स्मरणचित्राला दोन. श्रेणी ए, बी, सी, आणि त्यानुसार दहावीला ७, ५ किंवा ३ गुण वाढवून मिळतात. या गुणांसाठीच पुष्कळ पालक मुलांना पाठवतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. एकदा हातात ब्रश आला की मूल गुण विसरतं.

आता पाणी.

परीक्षा साधारण सप्टेंबरच्या शेवटी असते. आमच्याकडे तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो. हवा इतकी दमट की वाळत घातलेला युनिफॉर्म दोन दिवस ओला राहतो, मग कागदावरचा रंग कसा सुकणार? घाटावरच्या मैत्रिणी सांगतात की त्यांचा हात पाच-सात मिनिटांत सुकतो. (रंगाच्या एका थराला आम्ही 'हात' म्हणतो.) आम्हाला त्याच हाताला वीस मिनिटं लागतात. हे आधी कुणी सांगितलं नाही, तर तीन तासांचं गणित तिथेच कोलमडतं.

माझं कोलमडलंही होतं. सराव परीक्षेत समोर पितळी कळशी, सोललेला नारळ, दोन वांगी आणि मागे लाल कापड होतं. रेखाटन चांगलं जमलं होतं. कळशीवर पिवळ्या रंगाचा पहिला हात दिला आणि घाईघाईत लगेच दुसऱ्या तपकिरी हाताला ब्रश लावला. खालचा रंग अजून ओलसर होता. तपकिरी रंग पिवळ्यात शिरला, कडा विस्कटल्या आणि कळशीच्या पोटावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटला. तो पुसायला मी आणखी पाणी लावलं आणि डाग आणखी पसरला. बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाल्या, "सुकांदे गो आधी!" मग माझा हात धरून बोटांची मागची बाजू कागदाला अगदी हलकेच टेकवली. "काय लागतंय?" "गार." "गार म्हणजे ओला. दिसायला सुकला तरी गार लागतो तोवर ओलाच. आता वांग्याकडे वळ."

त्या दिवसापासून मी डोळ्यांवर विसंबत नाही. कागद चमकत असतो तेव्हा तो भरपूर ओला असतो, आणि त्यात दुसरा रंग सोडला तर तो सुंदर पसरतो. आकाश, लांबचे डोंगर, तलावाचं पाणी असंच रंगवायचं. कागद पूर्ण सुकला की त्यावरच्या हाताला स्वच्छ कड मिळते. घात होतो तो यांच्या मधल्या वेळात, चमक गेलेली पण गारवा शिल्लक असताना. तेव्हा ब्रश बाजूला ठेवायचा. माझ्या वर्गातली निम्मी चित्रं याच वेळात बिघडतात.

सपाट हात नीट यायला मला दोन आठवडे लागले. पद्धत सांगते. ड्रॉइंग बोर्डाच्या वरच्या कडेखाली कंपासपेटी ठेवून बोर्ड थोडा उतरता करायचा. रंग वाटीत लागेल त्यापेक्षा जास्त कालवून घ्यायचा, कारण मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जुळत नाही. मोठा गोल ब्रश, निदान ८ नंबरचा, रंगाने भरून वरून डावीकडून उजवीकडे एक पट्टा ओढायचा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाची एक ओळ साचते, आम्ही तिला ओघळ म्हणायचो. पुढचा पट्टा त्या ओघळीला टेकवून ओढायचा, म्हणजे ती खाली सरकते. शेवटी तळाला आलेली ओघळ फडक्यावर टिपलेल्या कोरड्या ब्रशने उचलून घ्यायची. ती तशीच राहिली तर मागे चढते आणि सुकताना डाग पाडते. एकदा दिलेल्या पट्ट्यावर परत फिरायचं नाही, कितीही मोह झाला तरी. उतरती छटा हवी असेल तर प्रत्येक पट्ट्याला ब्रशमध्ये थोडं स्वच्छ पाणी वाढवत जायचं. पाव इम्पिरियल कागदावर, म्हणजे ११ बाय १५ इंचांवर, असे चौकोन भरत बसा. तारखा घालून ठेवा. महिन्याभराने पहिला आणि शेवटचा चौकोन शेजारी ठेवून पाहा.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. जलरंग सुकला की फिका होतो. ओला असताना बरोबर वाटलेला रंग सुकल्यावर उतरलेला दिसतो. त्यामुळे कडेच्या कागदाच्या पट्टीवर आधी लावून, सुकवून पाहायचं आणि रंग मनातल्यापेक्षा थोडा गडद कालवायचा.

रबर जपून वापरा. जोरात खोडलं की कागदाचा गुळगुळीत वरचा थर सुटतो आणि तिथे रंग जास्त शोषला जातो. चित्र सुकलं की खोडलेली प्रत्येक जागा डागासारखी दिसते. म्हणून रेखाटन हलक्या हाताने करायचं, एचबी किंवा २बी पेन्सिलीने. ४बी, ६बी जलरंगाखाली नको, तिचा काळेपणा रंगात उतरतो.

आता त्या कळशीकडे परत येऊ, कारण स्थिरचित्राचं सगळं तिच्यात आहे. कळशीचं तोंड गोल असलं तरी आपल्याला लंबवर्तुळ दिसतं. ती डोळ्यांच्या पातळीच्या खाली ठेवलेली असते, म्हणून जो गोल जास्त खाली तो जास्त उघडा दिसतो. तोंडाचं लंबवर्तुळ चपटं, तळाचं त्याहून गोलसर. जवळजवळ प्रत्येक मूल तळ सरळ रेषेत कापतं, कारण कळशी सपाट जमिनीवर बसली आहे हे त्याला ठाऊक असतं. आधी उभी मध्यरेषा काढा, दोन्ही बाजू तिच्यापासून मोजा आणि तळाला वाक द्या. तेवढ्यानेच कळशी टेबलावर बसते.

रंग देताना पितळ मातीसारखं रंगवायचं नाही. मडक्यावर उजेडाकडून सावलीकडे रंग हळूहळू वळतो. पितळ घासलेलं असतं, तिथे अगदी उजळ पट्ट्याला खेटून गडद पट्टा येतो, मध्ये काही नसतं. पहिला हात यलो ऑकरमध्ये किंचित लेमन यलो घालून, पातळ. सुकल्यावर बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. शेवटचा गडद भाग अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून. सावलीसाठी काळा रंग बाईंनी आम्हाला कधी वापरू दिला नाही. त्या दोन रंगांच्या मिश्रणातून असा गडद करडा येतो की तो कधी निळसर ठेवता येतो, कधी तपकिरी. काळ्याला तसं वळवता येत नाही, तो चित्रात भोक पाडल्यासारखा दिसतो. आणि कळशीच्या सावलीकडच्या बाजूला नीट बघा. शेजारच्या लाल कापडाची तांबूस झाक तिथे असतेच, खिडकी असेल तर वरच्या बाजूला आकाशाची निळसर झाकही. ती झाक दिलीत की पितळ पितळासारखं दिसू लागतं.

सगळ्यात लखलखीत ठिपका मात्र रंगवायचाच नाही, तो कोरा कागद असतो. पेन्सिलीने अगदी फिकट घेरून ठेवायचा आणि शेवटपर्यंत राखायचा. हे शिकवताना बाई हळदणकरांचं नाव घ्यायच्या. सावळाराम लक्ष्मण हळदणकर सावंतवाडीचेच, त्यांचा जन्म १८८२ सालचा. हातातल्या दिव्याच्या उजेडात उभ्या असलेल्या मुलीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि ते जलरंगात आहे. पुष्कळांना ते तैलरंगातलं वाटतं, राजा रविवर्म्याचं वाटतं. बाईंनी त्याची एक छापील प्रत वर्गात लावली होती. दिव्याची ज्योत बोटांच्या आड आहे आणि बोटं आतून तांबूस उजळली आहेत. आपल्याच गावच्या माणसाने आपल्याच हातातल्या माध्यमात हे केलं, याचं चौदाव्या वर्षी मला जे वाटलं ते अजून वाटतं.

पोस्टर कलरचं पाणी वेगळं. संकल्पचित्राला आम्ही तो वापरायचो आणि तिथे सपाट, झाकणारा, एकसारखा रंग लागतो. किती पातळ करायचा? घावनाचं पीठ पातळ, आंबोळीचं दाट. पोस्टर कलर या दोघांच्या मधला. पातळ झाला तर ब्रशचे फटकारे दिसतात, फार दाट लावला तर सुकल्यावर तडकतो आणि पोपडे निघतात. सुकलेला पोस्टर कलर पाण्याने पुन्हा विरघळतो, म्हणून त्यावर दुसरा रंग लावताना ब्रशमध्ये पाणी कमी ठेवून एकदाच फिरवायचा. घासत बसलात तर खालचा रंग वर येतो आणि दोन्ही मळतात. बाटलीत ओला ब्रश बुडवू नका. आमच्या हवेत आठवड्यात वास येतो आणि वर बुरशी धरते. आइस्क्रीमच्या काडीने रंग बाहेर काढायचा.

स्मरणचित्रासाठी वर्गात फार शिकवता येत नाही. एसटी स्टँडवर आणि आठवडा बाजारात वही घेऊन बसा. ओझं घेतलेली बाई कशी कलते, तराजू धरलेल्याचा खांदा कसा उचलला जातो, हे दोन-दोन मिनिटांत टिपा. चेहरे नकोत, उभं राहण्याची ढब हवी.

रविवारी बाई आम्हाला मोती तलावाच्या काठी नेत. राजवाडा आणि झाडं पाण्यात उतरलेली असत. तिथे एक नियम कळला, तो पुढे कायम उपयोगी पडला. प्रतिबिंब वस्तूच्या थेट खाली पडतं, तिरकं नाही. गडद वस्तूचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा जरा फिकं असतं, आणि उजळ वस्तूचं जरा गडद. पाणी ओल्या कागदावर उभ्या फटकाऱ्यांनी रंगवायचं आणि सुकल्यावर एखाददोन आडव्या रेघा ओढायच्या, बस.

काम झालं की ब्रश पाण्यात उभा ठेवून घरी जाऊ नका. टोक वाकतं ते सरळ होत नाही आणि लाकूड फुगून मूठ सैल होते. अंगाच्या साबणाने धुवा, बोटांनी टोक काढा, आडवा सुकवा. २, ४ आणि ८ असे तीन गोल ब्रश आणि एक चपटा, एवढ्यावर इंटरमिजिएट निभावते. रंगांचा मोठा डबा घेण्यापेक्षा ते पैसे कागदावर घाला.

माझ्या परीक्षेच्या दिवशी पाऊस होता आणि अकराच्या सुमाराला वीज गेली. पंखे थांबले. समोर पुन्हा पितळेचंच भांडं होतं. पहिला हात दिला, बोटांची मागची बाजू टेकवली, गार लागला. मागचं कापड घेतलं. पुन्हा टेकवली, गार. फळं घेतली, टेबलाची कड घेतली, कापडाच्या चुण्या घेतल्या. भांड्याकडे तिसऱ्यांदा आले तेव्हा तास उलटला होता आणि कागद कोरडा होता. मग बर्न्ट सिएना लावला, आणि कड हवी तिथे थांबली. मला बी श्रेणी मिळाली.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात सप्टेंबरमध्ये असाच पाऊस लागला होता. सतराच्या सतरा मुलं ब्रश फडक्यावर ठेवून, बोटांची मागची बाजू कागदाला टेकवून बसली होती. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, माझा अजून गार आहे."

"मग वांग्याकडे वळ," मी म्हटलं.