कासवांना वंशावरून नावं देताना या चुका टाळा

"टेस्टुडिनीज म्हणजे कासवं" असं लिहून मोकळे होणाऱ्यांचे वंशावळीचे तक्ते तपासून मी कंटाळलेय. कासवांच्या शास्त्रीय गटनावांची 2004 साली मांडलेली विभागणी सोपी आहे. आज जिवंत असलेल्या सगळ्या कासवांचा शेवटचा सामायिक पूर्वज आणि त्याचे वंशज, एवढेच टेस्टुडिनीज. ज्यांच्यात पूर्ण कवच आलं तिथून खाली सगळे टेस्टुडिनाटा. इतर कुठल्याही जिवंत प्राण्यापेक्षा कासवांना जवळचं जे जे होऊन गेलं, ते पॅनटेस्टुडिनीज. पण कितीतरी निबंधांत पहिलं नाव तिन्हींसाठी सरसकट वापरलंय.

यात मीही तोंडघशी पडलेय. तीन निबंधांतल्या याद्या नुसतं नावाला नाव जुळवून एकत्र केल्या. एकीत प्रोगॅनोकेलिस टेस्टुडिनीजमध्ये होतं. सुमारे 21 कोटी वर्षांपूर्वीचं, कवच पूर्ण, पण जिवंत कासवांच्या फांदीबाहेरचं. डीएनएतल्या फरकांवरून फांद्या कधी फुटल्या ते काढणाऱ्या प्रोग्रॅमात ते वय मी जिवंत कासवांच्या मुळाला किमान वय म्हणून देऊन बसले. सगळे फाटे काळात मागे सरकले आणि दोन आठवडे मी प्रोग्रॅमला शिव्या घातल्या. बिचारा बरोबर होता. तेव्हापासून वहीत प्रत्येक नावापुढे लिहिते: व्याख्या कोणाची, कुठल्या साली, कोणत्या जाती धरून. पाच मिनिटांचं काम, पण नवख्यांना आधी वंशवृक्षाचं झाड रंगवायचं असतं.

दुसरा छळ मानेचा. जिवंत कासवांचे दोन मोठे गट मानेवरून ओळखतात. मान आडवी वळवली की प्ल्युरोडायरा, सरळ आत ओढली की क्रिप्टोडायरा. जिवंत कासवांपुरतं चालतं. ज्युरासिकच्या उत्तरार्धातलं प्लॅटिकेलिस मात्र वंशाने प्ल्युरोडायरांच्या बाजूचं, आणि मानेचे मणके सांगतात की ते मान सरळ आत घ्यायचं. ट्रायसिकमधल्या प्रोटेरोकर्सिसचा कटिबंध (कमरेची हाडं) प्ल्युरोडायरांसारखा कवचाला जुळलेला, म्हणून ते वर्षानुवर्षं प्ल्युरोडायरांत बसलं. आता बहुतेक जण त्याला जिवंत कासवांच्या फांदीबाहेर ठेवतात.

बाकी थोडक्यात. जुन्या पुस्तकातलं अँफिकेलिडिया म्हणजे नात्याचा विचार न करता जुनी कासवं कोंबलेला अडगळीचा पेटारा, तक्त्यात घेऊ नका. केलोनिया कुठे गटाचं नाव असतं, कुठे हिरव्या समुद्री कासवाच्या प्रजातीचं (जीनसचं). मोठ्या डोक्याचं प्लॅटिस्टर्नॉन स्नॅपिंग टर्टलसारखं दिसतं, डीएनए त्याला भलतीकडे नेतो. दोन गट दोन्ही 'कुळ' आहेत म्हणून ते सारख्या वयाचे होत नाहीत.

ओडोन्टोकेलिसबद्दल दरवेळी विचारतात. 22 कोटी वर्षांपूर्वीचं, पोटाखाली पुरं कवच, पाठीवर अर्धवट, तोंडात दात. "मग हे कासव की नाही?" पॅनटेस्टुडिनीजमध्ये आहे, टेस्टुडिनाटात नाही. 'कासव' कुठल्या रकान्यात लिहिताय, ते आधी सांगा.