नेबर ‘फुल’ दिसला म्हणजे काम झालं? ओएसपीएफमधल्या या चुका टाळा

कोकणपट्टीतल्या लोकल आयएसपींकडे (इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे) आता ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा कळवून सगळ्यात कमी कॉस्टची वाट निवडण्याचं तंत्र, सर्रास चालतं. हायवेच्या कामात फायबर तुटते, पावसात दरड येते, त्यामुळे दुसरी वाट तयार ठेवावीच लागते. पण दोन्ही लाइन जोडल्या, नेबर (समोरचा राउटर) ‘फुल’ (वाटांची माहिती पूर्ण जुळली) दिसला की लॅपटॉप मिटून निघणारे फार. राउटर एकमेकांना वाटा कळवतात हे खरं, पण वाट किती रुंद आहे हे त्यांना आपणच सांगायचं असतं. नंतरच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात.

रेडिओ लिंकची कॉस्ट राउटरवर सोडणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कॉस्ट म्हणजे प्रत्येक टप्प्याचा आकडा; ज्या वाटेची बेरीज कमी, ती निवडली जाते. सिस्को आयओएस (सिस्को राउटरची सिस्टिम) रेफरन्स बँडविड्थला पोर्टच्या वेगाने भागून ती काढते, १ पेक्षा कमी मात्र नाही. ही रेफरन्स बँडविड्थ मुळात १०० एमबीपीएस असते. त्यामुळे १०० एमबीपीएस, १ जीबीपीएस आणि १० जीबीपीएस, तिन्ही पोर्टची कॉस्ट १ येते. मायक्रोटिकच्या राउटरवर तर वेग बघितलाच जात नाही, सगळ्यांना एकच ठरलेला आकडा.

दाभोळ खाडी डोळ्यांसमोर आणा. गुहागरहून दापोलीकडे फायबर न्यायची तर चिपळूण-खेड असा वळसा. खाडीवरून मात्र समोरचा काठ दिसतो, म्हणून ५ गिगाहर्ट्झची रेडिओ लिंक टाकली जाते. फायबरच्या वाटेवर चार टप्पे, कॉस्ट ४. रेडिओचा एकच टप्पा, कॉस्ट १. सगळा ट्रॅफिक रेडिओवर जातो. रेडिओचा इथरनेट पोर्ट १ जीबीपीएसचा, हवेतली क्षमता जेमतेम दीडशे एमबीपीएस, आणि राउटरला दिसतो तो फक्त पोर्ट. संध्याकाळी लिंक भरते, हॅलो पॅकेट (‘मी आहे’ सांगायला राउटर ठरावीक वेळाने पाठवतो ती) गळतात, ४० सेकंद एकही हॅलो आला नाही की नेबर पडतो. ट्रॅफिक फायबरवर जातो, रेडिओ मोकळा होतो, नेबर उठतो, ट्रॅफिक परत रेडिओवर. रात्रभर हेच चक्र. ग्राहकाला ‘नेट येतं-जातं’ एवढंच कळतं.

पाण्यावरच्या लिंकला आणखी एक दुखणं असतं. पाण्यावर आपटून येणारी लहर सरळ आलेल्या लहरीला, पाण्याच्या पातळीप्रमाणे, कधी बळ देते तर कधी मारते. लॉगमधल्या नेबर पडण्याच्या वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकत असतील तर कनेक्टर बदलत बसू नका. किनाऱ्यावरचा जुना हिशेब लावा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला ६, अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. वेळा जुळल्या आणि उधाणाला त्रास वाढला, तर अँटेनाची उंची बदलून बघा. टायमरला हात लावू नका. हॅलो १ सेकंद आणि डेड (हॅलोची वाट बघायची मुदत) ४ सेकंद केल्याने नेबर आणखी वेळा पडेल, दुसरं काही होणार नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. रेफरन्स बँडविड्थ सगळ्या राउटरवर एकच, १,००,००० एमबीपीएस. मग १ जीबीपीएसच्या फायबरची कॉस्ट टप्प्याला १०० होते, चार टप्प्यांची ४००. रेडिओची कॉस्ट हाताने घालायची, आणि तीही डब्यावर छापलेल्या वेगावरून नाही. पावसाळ्यातल्या वाईट दिवशी मिळणारा वेग धरायचा. तो १०० एमबीपीएस असेल तर कॉस्ट १०००. आकडा दोन्ही टोकांना घाला, नाहीतर जाणारा ट्रॅफिक फायबरवरून आणि येणारा रेडिओवरून असा प्रकार होतो.

‘त्यापेक्षा रिप सोपं’ म्हणणाऱ्यांसाठी: रिप हे वाटा कळवण्याचं जुनं तंत्र फक्त हॉप (टप्पे) मोजतं, वेगाचं त्याला काही नसतं. इथे ते दरवेळी रेडिओच निवडेल. शिवाय अपडेट ३० सेकंदांनी, मेलेली वाट ओळखायला १८० सेकंद.

एमटीयू न जुळणे आणि ‘एमटीयू इग्नोर’

नेबर ‘एक्सस्टार्ट’ किंवा ‘एक्सचेंज’मध्ये (‘फुल’च्या आधीच्या पायऱ्या) अडकला की पहिला संशय एमटीयूवर (लिंकवरून जाणाऱ्या सगळ्यात मोठ्या पॅकेटचा आकार, बाइटमध्ये) घ्या. डेटाबेसची यादी देताना राउटर आपला एमटीयूही कळवतो. समोरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा असेल तर आपला राउटर ते पॅकेट टाकून देतो. एका बाजूला १५००, दुसरीकडे टनेलमुळे १४८०, एवढा फरक पुरतो. साधा पिंग व्यवस्थित जातो, कारण त्याचं पॅकेट लहान असतं, आणि म्हणूनच ‘लिंक ओके आहे’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं.

इथे घाईत ‘एमटीयू इग्नोर’ (हा फरक तपासूच नको, असं सांगणारी कमांड) मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नेबर ‘फुल’ होतो, काम संपल्यासारखं वाटतं. पण लिंकवरून मोठं पॅकेट जातच नसेल तर नेटवर्क वाढल्यावर मोठी अपडेट पॅकेट मधेच गळतात, पुन्हा पुन्हा पाठवली जातात आणि काही वाटा समोर पोचतच नाहीत. तोवर ती कमांड कोणी मारली हे कोणाला आठवत नसतं. त्यापेक्षा ‘डोन्ट फ्रॅगमेंट’ (पॅकेटचे तुकडे करू नको) लावून पिंग करा. विंडोज किंवा लिनक्सवरून आकार १४७२ द्या, त्यात ८ आणि २० बाइटची हेडर मिळून १५०० होतात. सिस्कोवर सरळ १५०० द्या, तिथे हेडर धरलेली असतात. जिथे अडेल तिथला एमटीयू दुरुस्त करा.

बाकीच्या

कॉन्फिग कॉपी करून नव्या राउटरवर चढवताना राउटर आयडी (ओएसपीएफमधली राउटरची ओळख) तोच राहतो. एकाच एरियात (ओएसपीएफच्या एका गटात) असे दोन झाले की ते एकमेकांची माहिती खोडत राहतात आणि वाटा सतत बदलतात. आयडी लूपबॅकप्रमाणे (राउटरच्या आतल्या, केबलवर न अवलंबणाऱ्या पत्त्याप्रमाणे) हाताने लिहा.

हॅलो-डेड एकाच बाजूला बदललेत तर नेबर होणारच नाही.

ग्राहकाकडच्या पोर्टवर पॅसिव्ह लावा, म्हणजे तिथे हॅलो जाणार नाहीत.

बीजीपीवर (वेगवेगळ्या कंपन्यांची नेटवर्कं एकमेकांना वाटा कळवतात ते तंत्र) दोन अपस्ट्रीम (वरचे पुरवठादार) असतील तर बाहेर फक्त स्वतःचे प्रीफिक्स (पत्त्यांचे गट) जातील असा फिल्टर सेशन उठण्याआधी लावा, नंतर नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला घातलेला एक /२४ (२५६ पत्त्यांचा प्रीफिक्स) बाहेर गेला. यूट्यूबचा /२२ (१०२४ पत्त्यांचा) होता, जास्त नेमका प्रीफिक्स जिंकतो, आणि वरच्या पुरवठादारानेही फिल्टर लावलेला नव्हता. जगभरात यूट्यूब सुमारे दोन तास कोलमडलं.

आणि राउटर बंद-चालू करण्याआधी नेबरची स्टेट, ती कधीपासून आहे आणि लॉगच्या शेवटच्या ओळी उतरवून घ्या. ‘इनिट’ असेल तर समोरचं आपल्याला ऐकू येतंय, आपलं त्याला नाही. ‘टू-वे’ (दोघांना एकमेकांचं ऐकू येतंय) असेल आणि दोघेही डीआर-बीडीआर (त्या नेटवर्कवर निवडलेले मुख्य आणि राखीव राउटर) नसतील तर तो बिघाडच नाही, हात लावू नका.