एक्सेलमध्ये सेल रंगवताना या चुका टाळा

सोसायटीच्या मेंटेनन्सची शीट उघडली की ओळखीचं दृश्य दिसतं. भरलेले हिरवे, थकलेले लाल, मधेच दोन-तीन पिवळे. पिवळ्याचा अर्थ ज्याने रंगवलं त्यालाच ठाऊक. आणि थकबाकी किती, असं कोणी विचारलं की बोटांवर मोजायची वेळ येते, कारण काउंटइफ आणि समइफ (अटीनुसार मोजणारं आणि बेरीज करणारं फंक्शन) सेलमधली किंमत वाचतात, रंग वाचत नाहीत. फाइल सीएसव्ही (फक्त साधा मजकूर ठेवणारा प्रकार) म्हणून सेव्ह केली तर रंग पुसलेच जातात. म्हणून थकबाकीची नोंद आधी शब्दांत हवी, रंग त्या शब्दावरून आपोआप यावा.

समजा सी स्तंभात रक्कम, डीमध्ये मुदत, ईमध्ये भरल्याची तारीख आणि ६० फ्लॅट ओळ २ ते ६१ मध्ये आहेत. एफ२ मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढा (सूत्रांतली अक्षरं आणि आकडे इथे देवनागरीत आहेत, शीटमध्ये इंग्रजीत टाइप करा; ‘थकीत’ मराठीतच ठेवा):

=इफ(अँड(डी२<>"",ई२="",डी२<टुडे()),"थकीत","")

डी२<>"" ही अट गाळू नका. रिकामा सेल तुलनेत शून्य धरला जातो, शून्य आजच्या तारखेपेक्षा लहान, त्यामुळे मुदत न लिहिलेला फ्लॅटही थकीत दिसतो.

आता ए२ पासून एफ६१ पर्यंत निवडा. होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, त्यातला सूत्राचा शेवटचा पर्याय, आणि लिहा: =$एफ२="थकीत". मग फॉरमॅट बटणावरून लाल रंग द्या. सगळ्यात जास्त गडबड या सूत्रातच होते. एफच्या आधीचा डॉलर लिहायचा राहून गेला तर ए स्तंभ एफकडे बघतो, बी स्तंभ जीकडे, आणि रंग फक्त पहिल्या स्तंभात येतो. $एफ$२ झालं तर साठही फ्लॅट दुसऱ्या ओळीवरच ठरतात: एक तर सगळे लाल, नाही तर एकही नाही. आणि निवड ए१ पासून केली पण सूत्रात २ लिहिला, तर रंग एक ओळ वर चढतो. थकबाकीदाराच्या वरचा, वेळेवर पैसे भरणारा सभासद लाल दिसतो. ही चूक पटकन लक्षात येत नाही, म्हणून नियम लावल्यावर दोन-तीन ओळी हाताने पडताळून बघाच.

सूत्र बरोबर, तरी एखादी ओळ लाल होत नाही? तारीख तपासा. ०५.०४.२०२५ अशी टिंब देऊन लिहिलेली तारीख बहुतेकदा मजकूर म्हणून बसते, आणि एक्सेलच्या तुलनेत मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच. मग मुदत कधी उलटतच नाही. =इझनंबर(डी२) लिहा; उत्तर फॉल्स आलं तर डी स्तंभ निवडून डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, तिसऱ्या पायरीवर डेट आणि डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) निवडा.

उलट पैसे भरूनही लाल राहिलं, तर खाली जुना हाताने दिलेला रंग आहे. तो ‘नो फिल’ने काढा. पांढरा रंग देऊ नका, त्याखाली ग्रिडच्या रेषा झाकल्या जातात.

आधीच रंगवलेली जुनी शीट असेल तर रंग फुकट घालवू नका. फिल्टरमध्ये रंगानुसार लाल निवडा, शेजारच्या रिकाम्या स्तंभातले सेल निवडून ऑल्ट आणि अर्धविराम दाबा, ‘थकीत’ टाइप करून कंट्रोल-एंटर. फक्त दिसणाऱ्या ओळी भरल्या जातात. एकूण थकबाकी मग =समइफ(एफ२:एफ६१,"थकीत",सी२:सी६१); जुन्या शीटमध्ये एफऐवजी तुमचा नवा स्तंभ घ्या.

ओळी कॉपी-पेस्ट करत राहिलात तर नियमांचे तुकडे पडतात. महिन्यातून एकदा मॅनेज रूल्समध्ये जाऊन जादा नियम काढा आणि ‘अप्लाइज टू’ पूर्ण श्रेणीला लावा. दुसरीकडून मजकूर आणताना फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा.

नोटीस बोर्डासाठी काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापताना लाल आणि हिरवा सारखेच करडे उमटतात. पेज सेटअपच्या शीट टॅबवर ‘ब्लॅक अँड व्हाइट’ला खूण केली की रंग जातात, आकडे स्वच्छ वाचता येतात, आणि थकीत कोण ते एफ स्तंभ सांगतो.